नाताळच्या सुट्टीत रोजच वाईन होते, काय करावे?

वाचकाचे पत्र

मी ४४ वर्षांची असून ठाण्यात राहते आणि बँकेत नोकरी करते. काही वर्षांपूर्वी आम्ही नाशिकला एका वायनरीत गेलो होतो, तेव्हापासून मला आणि माझ्या नवऱ्याला वाईनची आवड लागली. व्हिस्की, रम आम्ही कधीच घेत नाही. शनिवारी रात्री दोघांत मिळून एक बाटली, एवढाच आमचा नेम आहे. डिसेंबरअखेर मात्र हा नेम मोडतो. माझी नणंद दरवर्षी मुलांच्या सुट्टीत अमेरिकेहून येते आणि तिला रोज जेवणाबरोबर वाईन घेण्याची सवय आहे. त्यात सोसायटीतली मित्रमंडळी, नाताळ आणि थर्टी फर्स्ट. गेल्या वर्षी २४ डिसेंबर ते १ जानेवारी या नऊ दिवसांत एक गुरुवार सोडला तर रोज वाईन झाली. सासूबाई मार्गशीर्षातले महालक्ष्मीचे व्रत करतात, त्यामुळे गुरुवारी घरात कुणी घेत नाही. यंदा मार्गशीर्ष नाताळाआधीच संपतो आहे, म्हणजे तो एक दिवसही उरणार नाही. त्या दिवसांत मला पहाटे तीनला जाग यायची आणि पित्त उसळायचे. एका संध्याकाळी माझी चौदा वर्षांची मुलगी ग्लासाकडे बघून म्हणाली, “आई, आज पण?” ते अजून मनातून जात नाही. मला बीपीची एक गोळी सुरू आहे आणि यांना मधुमेहाच्या गोळ्या आहेत. हे म्हणतात की वाईन म्हणजे काही दारू नव्हे, आणि रेड वाईन तर हृदयाला चांगली. मला व्यसन लागले आहे का? पूर्णच सोडून द्यावी का? आणि घरातले वातावरण न बिघडवता हे सगळ्यांना कसे सांगावे?

सल्ला

प्रिय वाचक भगिनी,

तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती तुम्ही जाता जाता एका वाक्यात सांगून टाकली आहे आणि मी तिथूनच सुरुवात करते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी तुमच्या घरात कुणी वाईन घेत नाही आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नसते. गेल्या वर्षी त्याच नऊ दिवसांच्या गर्दीत, तीच नणंद घरात असताना आणि तेच ग्लास कपाटात असताना, ती एक संध्याकाळ वाईनशिवाय सहज पार पडली. त्या दिवशी कुणाला मनावर ताबा ठेवण्याची शर्थ करावी लागली नाही, कारण संध्याकाळी सात वाजता “आज घ्यायची का?” हा प्रश्नच कुणापुढे उभा राहिला नाही. त्याचे उत्तर आधीच ठरलेले होते आणि ते घरातल्या लहानथोर सगळ्यांना माहीत होते. बाकीच्या आठ संध्याकाळींबद्दल काहीच ठरलेले नव्हते, म्हणून त्या सगळ्या वाईनकडे गेल्या. यंदाच्या सुट्टीसाठी मी तुम्हाला जे सांगणार आहे, ते बहुतांशी याच निरीक्षणातून निघते.

मात्र त्याआधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. गुरुवारी न घेणे जमते म्हणून व्यसन नाही, असा निष्कर्ष कृपा करून काढू नका. गटारी अमावास्येपर्यंत भरपूर पिऊन पुढे श्रावणाचा अख्खा महिना कडक पाळणारी माणसे आपल्या सगळ्यांच्या ओळखीत असतात, आणि तो पाळलेला श्रावण हाच ती आपल्या निर्व्यसनीपणाचा दाखला म्हणून पुढे करतात. दिवस पाळला गेला यापेक्षा तो कसा गेला हे अधिक सांगून जाते. त्या गुरुवारी दुपारपासून चिडचिड होत होती का, हात थरथरत होते का, घाम येत होता का, शुक्रवारची वाट पाहण्यात संध्याकाळ गेली का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. तुमच्या पत्रावरून तरी असे काही दिसत नाही.

डॉक्टर प्राथमिक चाचणीसाठी चार साधे प्रश्न विचारतात. आपण कमी प्यावे असे कधी वाटले का, पिण्याबद्दल कुणी बोलल्यावर राग आला का, पिण्यावरून अपराधी वाटले का, आणि सकाळी उठल्या उठल्या अंग सावरण्यासाठी घ्यावी लागली का. दोन किंवा अधिक प्रश्नांना “हो” असे उत्तर आले, तर त्याकडे गंभीरपणे पाहावे असा संकेत आहे. तुमच्या पत्रात पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर “हो” असे मला वाचता येते. एवढ्यावरून तुम्हाला व्यसन आहे असे कुणीही जबाबदार डॉक्टर म्हणणार नाही, परंतु ही बाब मनातल्या मनात न ठेवता आपल्या डॉक्टरांशी बोलण्याइतकी नक्कीच महत्त्वाची आहे. तुम्ही वर्षभर मुलीचा तो एक प्रश्न मनात जपून ठेवलात आणि सुट्टी सुरू होण्याआधी पत्र लिहिलेत, हे मला फार चांगले लक्षण वाटते.

आता “वाईन म्हणजे दारू नव्हे” या म्हणण्याकडे वळू. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याच्या निर्णयावरून महाराष्ट्रात जो वाद झाला, त्यात हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. द्राक्ष बागायतदारांच्या दृष्टीने त्या वादाला काही अर्थ असेल, पण तुमच्या यकृतापुढे तो वाद कधी येतच नाही, कारण त्याच्यापर्यंत फक्त अल्कोहोल पोहोचते आणि ते द्राक्षाचे की धान्याचे, हे त्याला कळत नाही. हिशेब अगदी सरळ आहे. वाईनची नेहमीची बाटली ७५० मिलिलिटरची असते आणि तिच्यावर साधारण १३ टक्के अल्कोहोल लिहिलेले असते, म्हणजे एका बाटलीत सुमारे ७७ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये ते सुमारे १० ग्रॅम असते. दोघांत एक बाटली संपली, तर प्रत्येकाच्या पोटात जवळजवळ चार छोट्या पेगांइतके अल्कोहोल गेलेले असते. व्हिस्कीचे चार पेग रोज घेणाऱ्या माणसाबद्दल तुमच्या घरात काय बोलले जाईल, याची कल्पना करा आणि मग गेल्या वर्षीच्या त्या आठ संध्याकाळी आठवून पाहा. एरवी शनिवारी तुमच्या वाट्याला जेवढी वाईन येते, तेवढीच रोज झाली असे धरले, तरी दोन महिन्यांची वाईन नऊ दिवसांत संपली.

यातही घरच्या ग्लासाचा हिशेब धरलेला नाही. आज हा लेख वाचून झाल्यावर एक गोष्ट करून पाहा. स्वयंपाकघरातल्या मापाच्या भांड्यात १५० मिलिलिटर पाणी मोजून घ्या आणि तुमच्या नेहमीच्या वाईनच्या ग्लासात ओता. रेड वाईनचे मोठ्या पोटाचे जे ग्लास हल्ली घरोघरी असतात, त्यांत हे पाणी पोटाच्या सर्वांत रुंद भागाच्याही खाली राहते आणि पाहणाऱ्याला यजमानाने हात आखडता घेतला असे वाटते. म्हणून आपण थोडी आणखी ओततो आणि त्याला एक ग्लास म्हणतो, जो प्रत्यक्षात दीड असतो. पाण्याची ही पातळी एकदा डोळ्यांत बसली की ती विसरली जात नाही. दुसरे असे, की ग्लास पूर्ण रिकामा होण्याआधी त्यात पुन्हा ओतू देऊ नका. अर्धा ग्लास भरत राहिला की किती झाली हे कुणालाच सांगता येत नाही, आणि तुमच्या नणंदेच्या प्रेमळ हाताने तो तसाच भरला जात असणार.

रेड वाईन हृदयाला चांगली, ही समजूत १९९० च्या दशकात फार पसरली. फ्रान्समधले लोक लोणी आणि चीज भरपूर खाऊनही त्यांना हृदयविकार कमी होतो आणि त्याचे श्रेय रेड वाईनला आहे, असे १९९१ मध्ये अमेरिकन टीव्हीवर सांगितले गेले आणि तिकडे रेड वाईनचा खप वाढला. पुढे त्या प्रकारच्या अभ्यासांतला एक मोठा दोष लक्षात आला. न पिणाऱ्यांच्या गटात असे कित्येक लोक मोजले गेले होते, ज्यांनी आजारपणामुळे दारू सोडली होती, त्यामुळे थोडी पिणारे लोक त्यांच्या तुलनेत आपोआपच निरोगी दिसत होते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की आरोग्याला धोका नाही असे दारूचे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही. कर्करोग होण्याच्या कारणांत तर दारूची नोंद १९८८ सालीच झाली आहे आणि दारूमुळे होणाऱ्या कर्करोगांत स्त्रियांच्या स्तनांचा कर्करोगही येतो. तुमच्या यजमानांना वाईन आवडते म्हणून ते घेतात, हे कारण पुरेसे आहे. औषध म्हणून मात्र त्यांनी ती घेऊ नये.

त्यांच्याबद्दल मला तुमच्यापेक्षाही जास्त काळजी वाटते. तुम्ही त्यांच्या गोळ्यांची नावे लिहिलेली नाहीत, म्हणून सर्वसाधारण गोष्ट सांगते. रक्तातली साखर उतरू लागली की यकृत आपल्या साठ्यातून साखर सोडून तिला सावरते, पण अल्कोहोल आले की यकृत ते निकामी करण्याच्या कामात अडकते आणि साखर सावरण्याचे काम मागे पडते. मधुमेहाच्या काही गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या, स्वतःच साखर खाली आणतात. अशी गोळी घेतलेल्या माणसाने उपाशीपोटी दोन ग्लास वाईन घेतली आणि जेवण रात्री अकरापर्यंत लांबले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि ती मध्यरात्रीनंतर झोपेतही उतरू शकते. त्या वेळी घाम येणे, बोलणे अडखळणे, तोल जाणे, असंबद्ध वागणे ही लक्षणे दिसतात आणि पार्टीतले लोक “याला जरा जास्त झाली” म्हणून त्याला झोपवून देतात. असे कधीही होऊ देऊ नका. थर्टी फर्स्टच्या घोळक्यात ग्लुकोमीटर हाताशी ठेवा, शंका आली तर लगेच साखर तपासा, माणूस शुद्धीवर असेल तर साखरपाणी द्या आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता थेट रुग्णालय गाठा. कोणत्याही ग्लासाआधी त्यांनी भाकरी, पोळी किंवा भात असे खरे जेवण घेतलेले असावे. शेंगदाणे आणि चिवड्याचा चकणा म्हणजे जेवण नव्हे.

तुमच्या बीपीचेही तसेच आहे. सलग काही दिवस घेतलेल्या अल्कोहोलने रक्तदाब चढतो आणि गोळीचा परिणाम अपुरा पडतो, तर काही गोळ्यांबरोबर घेतल्यास एकदम उठून उभे राहिल्यावर भोवळ येते. खारट चकण्याने रक्तदाब चढण्यात भर पडते. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक गोष्ट नोंदवली होती. शनिवार-रविवार किंवा सणाच्या सुट्टीत भरपूर पिऊन आलेल्या काही रुग्णांच्या हृदयाचे ठोके अनियमित झालेले असत, जरी त्यांना आधीचा हृदयविकार नसे. त्याला तेव्हापासून हॉलिडे हार्ट म्हणतात. छातीत अचानक धडधड सुरू झाली आणि ती थांबेना, तर ती “ॲसिडिटी” म्हणून सोडून देऊ नका.

पहाटे तीनला जाग का यायची, हे तुम्हाला आता ओळखता येईल. अल्कोहोलने झोप लवकर लागते, पण शरीर ते निकामी करत आणते तसतशी उत्तररात्रीची झोप विरळ होते. तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम हा शरीराचा वेग आहे, त्यामुळे अर्ध्या बाटलीला चार-पाच तास लागतात. रात्री साडेदहाला शेवटचा घोट घेतला तर हिशेब पहाटे तीनच्याच आसपास येतो. त्याच वेळी लघवीही जास्त होते आणि उशिरा जेवून लगेच आडवे झाल्याने आम्ल वर येते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्यामुळे तेवढ्याच वाईनने त्यांच्या रक्तातली अल्कोहोलची पातळी पुरुषांपेक्षा जास्त चढते, म्हणून हा त्रास तुम्हाला झाला आणि कदाचित तुमच्या यजमानांना तेवढा जाणवला नाही. गच्चीवर शेकोटी करून बसल्यावर वाईनने ऊब येते असेही पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात त्वचेकडे रक्त जास्त वळल्यामुळे ऊब जाणवते आणि शरीराची आतली उष्णता बाहेर निघून जाते. ठाण्याच्या थंडीत याने फारसे बिघडत नाही, पण निफाडचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो त्या रात्री शेतावर हुरडा पार्टीला बसणार असाल, तर ऊब शालीतूनच घ्यावी.

आता प्रश्न राहतो तो यंदाच्या नऊ दिवसांचा. पूर्ण सोडायची तुमची इच्छा असेल तर जरूर सोडा, त्यात तोटा काहीच नाही, आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या व्यक्तीला कोणताही डॉक्टर हेच सांगेल की जितकी कमी तितके बरे. परंतु तुम्ही विचारता आहात त्या सुरावरून मला वाटते की तुम्हाला वाईन मनापासून आवडते, आणि अपराधी वाटले म्हणून घाईने घेतलेली शपथ २५ तारखेच्या संध्याकाळी मोडली, तर उरलेले सात दिवस “आता मोडलीच आहे” या विचारात जातील. त्यापेक्षा तुमच्या घरात यशस्वी ठरलेली पद्धत वापरा. २३ डिसेंबरच्या आत, दोघांनी मिळून, वाईनच्या संध्याकाळी कोणत्या हे ठरवा. माझी सूचना अशी आहे की २५ तारीख, मधला शनिवार आणि ३१ डिसेंबर या तीनच ठेवाव्यात आणि त्या दिवशीही तुमच्या वाट्याला मापाच्या एका ग्लासापेक्षा जास्त येऊ नये. तुमच्या यजमानांसाठी या तीन संध्याकाळीसुद्धा त्यांच्या डॉक्टरांनी परवानगी दिली तरच. बाकीच्या सहा संध्याकाळी मार्गशीर्षातल्या गुरुवारांसारख्या असाव्यात, म्हणजे त्या दिवशी या विषयावर चर्चाच होऊ नये. कोणत्या संध्याकाळी हे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा. दुधाचा खाडा आपण तिथेच मांडतो, हाही तिथेच मांडावा.

एक बाटली उघडली की ती संपवलीच पाहिजे, या समजुतीमुळे तुमच्यासारख्या घरांत जितकी वाईन प्यायली जाते, तितकी आवडीमुळेही जात नसावी असे मला वाटते. ही समजूत चुकीची आहे. उघडलेल्या बाटलीला लगेच बूच लावून ती फ्रीजमध्ये उभी ठेवली, तर व्हाइट आणि रोझे म्हणजे गुलाबी वाईन तीन ते पाच दिवस आणि रेड तीन-चार दिवस सहज चांगली राहते. वाईन बिघडते ती हवेमुळे, म्हणून उरलेली वाईन एखाद्या स्वच्छ छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवली तर आणखी चांगले. आपल्याकडच्या बऱ्याच वाईनला हल्ली फिरकीचे झाकण असते, त्यामुळे बूच पुन्हा बसवण्याची खटपटही उरत नाही. फक्त स्पार्कलिंग म्हणजे बुडबुड्यांची वाईन दुसऱ्या दिवशी फुसकी होऊ लागते, म्हणून ती चार-सहा माणसे असतील तेव्हाच उघडावी. ३७५ मिलिलिटरच्या अर्ध्या बाटल्याही मिळतात आणि दोघांसाठी त्या अगदी योग्य आहेत. घरात एका वेळी किती बाटल्या आहेत यालाही महत्त्व आहे. डिसेंबरमध्ये सवलतीत पेटी आणली की पेटीच्या वेगाने ती संपते.

तीनच संध्याकाळी उरल्या की त्या चांगल्या घालवता येतात, आणि याचा मला स्वतःला आनंद वाटतो, कारण नाशिक, दिंडोरी, अकलूज या भागांतल्या द्राक्षांपासून आज खरोखर चांगली वाईन होते आणि ती टीव्हीसमोर बसून घटाघटा संपवण्यासाठी केलेली नसते. तीन साध्या बाटल्यांच्या पैशांत एक चांगली आणा. नाताळच्या दिवशी पापलेट किंवा सुरमई तळणार असाल तर थंड शेनिन ब्लां ही व्हाइट वाईन घ्या. कोथिंबीर वडीबरोबर सोव्हिन्यों ब्लां ही दुसरी व्हाइट वाईन फार छान लागते, कारण दोघांतही हिरवा, ताजा वास असतो. मटणाचा रस्सा असेल तर शिराझ ही रेड वाईन, मात्र रस्सा जरा बेताच्या तिखटाचा हवा, कारण अल्कोहोल तिखटाचा जाळ वाढवते. रेड वाईन खोलीच्या तापमानाला द्यावी असे जे म्हणतात, ते थंड देशांतल्या खोल्यांना लागू पडते. ठाण्यात डिसेंबरातही ती अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग उघडावी. जेवण आणि वाईन एकाच वेळी टेबलावर येऊ द्या, आधी दोन तास चकण्याबरोबर नको. मसाले घालून गरम केलेली गोड वाईन नाताळात लोकप्रिय होते आहे. गरम केल्याने तिच्यातले अल्कोहोल उडून जाते, असे समजू नका.

तुमच्या नणंदेशी कसे बोलावे हे तुम्ही विचारले आहे. त्या वर्षातून एकदा येतात, माहेरपणाला येतात, त्यामुळे त्यांना अवघडल्यासारखे होईल असे काही करू नये. पण त्यांची सवय ही घराची सवय व्हावी, असाही काही नियम नाही. आपल्याकडे वाईनचा आग्रहही पंगतीतल्या जिलेबीसारखा होतो, नको म्हणणाऱ्याच्या पानात हमखास दोन जास्त पडतात. म्हणून जेवणाच्या टेबलावर नकार देत बसण्याऐवजी त्या आल्या त्या दिवशीच, चहा घेताना, सगळे सांगून टाका. “वन्सं, यंदा डॉक्टरांनी मला बीपीमुळे आणि यांना शुगरमुळे हात आखडता घ्यायला सांगितलाय. आम्ही तीन दिवस ठरवलेत, त्या दिवशी तुमच्याबरोबर अगदी निवांत बसू. बाकीच्या दिवशी तुम्हाला हवी असेल तर संकोच करू नका, फक्त आमचे ग्लास काढू नका.” यात तक्रार नाही, उपदेश नाही आणि सगळे खरे आहे. हे बोलणे तुमच्या यजमानांनी केले तर अधिक बरे, कारण बहीण त्यांची आहे. वाईनविना संध्याकाळीही हातात काहीतरी लागतेच, म्हणून त्या दिवशी कोकम सरबत, सोडा-लिंबू, उसाचा ताजा रस किंवा आल्याचा चहा तयार ठेवा. तुमच्या यजमानांना उसाचा रस मात्र देऊ नका.

सासूबाईंना यात ओढू नका, असेही मला सुचवावेसे वाटते. “आईंना आवडत नाही” हे कारण सोयीचे असते, पण त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्या बाईवर पहारेकऱ्याचे काम येते. निर्णय तुमचा आहे, तो तुमच्याच नावाने सांगा.

आणि मुलीशी बोला. तिने त्या संध्याकाळी टोमणा मारला असेल असे मला वाटत नाही. चौदा वर्षांच्या मुलीला आईची काळजी वाटली आणि ती तिने तीन शब्दांत बोलून दाखवली. तिला सांगा की तुझ्या त्या प्रश्नावर मी वर्षभर विचार केला आणि यंदा आम्ही असे ठरवले आहे. ठरवलेल्या संध्याकाळी तिला माहीत असू द्या, तिच्यापासून ग्लास लपवू नका, पण तिला बर्फ आणायला किंवा ग्लास भरायलाही सांगू नका. काही घरांत “वाईनच तर आहे” म्हणून मुलांना घोटभर चाखायला देतात. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला मादक पेय देणे हा सात वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी वाढत्या मेंदूवर अल्कोहोलचा परिणाम जास्त होतो, एवढे कारण पुरेसे आहे.

सुट्टीत पाहुण्यांना घेऊन नाशिकच्या वायनऱ्या दाखवायला जाणार असाल, तर डिसेंबरअखेर बागा पाहण्यासारख्या असतात, वाईनच्या काळ्या द्राक्षांत रंग भरू लागलेला असतो आणि जानेवारीपासून तोडणी सुरू होते. टेस्टिंगच्या वेळी प्रत्येक वाईन थोडीशीच देतात, पण पाच-सहा प्रकार चाखले की सगळे मिळून एक पुरा ग्लास होतो. चव घेऊन उरलेली वाईन शेजारच्या भांड्यात ओतून देणे हा तिथला शिष्टाचारच आहे, त्यात कुणाचा अपमान होत नाही. परतताना कसारा घाट उतरायचा असतो. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले तर मोटार वाहन कायद्यानुसार पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि लहान बांध्याच्या व्यक्तीची ही मर्यादा एका ग्लासातही ओलांडली जाऊ शकते. त्या दिवशी चालक एकतर भाड्याचा असावा किंवा घरातला पूर्ण न घेणारा असावा. १ जानेवारीच्या सकाळीही हेच लक्षात ठेवा, कारण उशिरापर्यंत घेतलेली वाईन सकाळी सातला रक्तात शिल्लक असू शकते.

ठरवूनही त्या सहा संध्याकाळी पाळता आल्या नाहीत, एक ग्लास म्हणता म्हणता पुन्हा पुन्हा तीन झाले, किंवा जानेवारी उजाडला तरी रोजची सवय सुटेना, तर ते तुमच्या इच्छाशक्तीचे अपयश समजू नका, ती मदत घेण्याची वेळ समजा. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हे काम करते आहे आणि मोठ्या रुग्णालयांतले मानसोपचारतज्ज्ञही यात मदत करतात. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी महिनोन्‌महिने रोज भरपूर पीत असेल, तर त्याने मात्र एका दिवसात बंद करू नये. अशा माणसाला अचानक सोडल्यावर झटके येऊ शकतात, त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

तुम्ही २४ तारखेच्या आत आपल्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि दोघे मिळून जा. गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या. यजमानांच्या गोळ्यांबरोबर थोडीही वाईन चालेल का, चालत असेल तर गोळी आणि जेवण यांच्या वेळा कशा ठेवायच्या, आणि रात्री साखर तपासायची का, हे तिथे स्पष्ट विचारून घ्या. “कधीतरी घेतो” असे मोघम न सांगता गेल्या वर्षीचे आकडे सांगा, आठ संध्याकाळी, रोज अर्धी बाटली. तुमचे बीपी घरी मोजायचे यंत्र असेल तर आतापासून १५ जानेवारीपर्यंत रोज सकाळी उठल्यावर एकदा मोजून वहीत लिहा आणि ज्या रात्री वाईन घेतली असेल त्या पुढच्या सकाळच्या आकड्यापुढे खूण करा. पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांना दाखवा, गोळी तशीच ठेवायची की बदलायची हे त्यांना त्यावरून ठरवता येईल.